बैठकीच्या खोलीतील एक खुर्ची

वाचकहो, आपल्या घरच्या बैठकीच्या खोलीत कोण कुठे बसते, हे आपण कधी नीट न्याहाळले आहे काय? नवे घर लावताना आपण खोलीची लांबी-रुंदी मोजतो, सोफ्याचे कापड चार दुकाने हिंडून निवडतो, भिंतीच्या रंगावरून घरात दोन दिवस वाद घालतो. सामान एकदा जागच्या जागी बसले, की मात्र ते तिथेच का आहे, असा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता. हा प्रश्न मला एका तरुण श्रवणतज्ज्ञ मुलीने विचारला, आणि तोही माझ्या वडिलांच्या स्मरणशक्तीविषयी घरात काळजी सुरू झाल्यानंतर.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, चिपळूणजवळच्या एका गावी माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत. निवृत्तीनंतरही गावातच राहिले. आई गेल्यावर, वयाच्या ८१व्या वर्षी, ते आमच्या ठाण्याच्या सदनिकेत राहावयास आले. आमची बैठकीची खोली सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद. एका टोकाला प्रवेशद्वार, दुसऱ्या टोकाला गॅलरीचे सरकते दार. एका लांब भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून तिघांचा सोफा. सोफा आणि प्रवेशद्वाराजवळचे चपलांचे कपाट यांच्यामध्ये तीन-साडेतीन फुटांची जागा रिकामी होती. अप्पांसाठी आणलेली हातांची खुर्ची तिथे बरोबर बसली. टीव्हीकडे तोंड करून बसले की त्यांच्या उजव्या हाताला दार आणि डाव्या हाताला आम्ही सगळे. व्यवस्था सोयीची आहे, असे आम्हाला वाटले. त्यांनीही तक्रार केली नाही.

पहिले आठ महिने असे गेले, की आज ते आठवले तरी मन खट्टू होते. गावी असताना तासन्‌तास बोलणारे अप्पा हळूहळू गप्प झाले. आरंभी आम्ही ते आईच्या जाण्याचे दुःख समजलो, आणि काही अंशी ते तसे होतेही. पण मग ते प्रश्नांना भलतीच उत्तरे देऊ लागले. पत्नीने विचारावे, "अप्पा, भात वाढू का?" आणि त्यांनी म्हणावे, "हो, सात वाजले." कन्येने शाळेतली एखादी गंमत सांगावी, सगळ्यांनी हसावे, आणि अप्पांनी क्षणभर उशिरा, आमच्याकडे पाहून हसावे. रात्री जेवण झाले की ते लगेच आपल्या खोलीत जात. "विस्मरण सुरू झाले असावे," असे एका नातेवाइकाने हळूच सुचवले. तो शब्द उच्चारला गेल्यावर आम्हाला अप्पांच्या प्रत्येक चुकीत तेच दिसू लागले. आम्ही त्यांच्याशी सावकाश, सोप्या वाक्यांत, लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागलो. पुढे पुढे त्यांच्याशी बोलण्याऐवजी त्यांच्याविषयीच अधिक बोलू लागलो.

आमच्या डॉक्टरांनी स्मृतीच्या चाचणीपूर्वी कानांची तपासणी करून घेण्यास सांगितले. या सूचनेमागे सबळ कारण आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०१७ साली स्मृतिभ्रंशाच्या ज्या धोक्यांवर उपाय करता येण्याजोगा आहे त्यांची यादी दिली, तीत श्रवणदोषाचा समावेश होता. शिवाय, प्रश्नच नीट ऐकू आला नाही तर स्मृतीच्या चाचणीतली उत्तरेही चुकतात.

तपासणीत निघाले ते असे. अप्पांचा डावा कान तरुणपणीच्या जुनाट कानफुटीमुळे फार पूर्वीच निकामी झाल्यासारखा होता. उजव्या कानावर त्यांचा सगळा व्यवहार चालत असे, आणि आता वयोमानानुसार तोही उणावू लागला होता. वार्धक्यातला श्रवणदोष प्रथम उंच पट्टीच्या ध्वनींवर येतो. स्वर ऐकू येतात; स, श, फ, थ यांसारखी व्यंजने विरून जातात. म्हणूनच अशी माणसे "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" असे म्हणतात, आणि घरच्यांना मात्र वाटते, की यांना हवे तेवढेच ऐकू येते.

अहवाल समजावून सांगून झाल्यावर त्या श्रवणतज्ज्ञ मुलीने मला विचारले, "घरी आजोबा कुठे बसतात?" प्रश्नाचा रोख माझ्या ध्यानात आला नाही. तिने अहवालाचा लिफाफा उलटा करून पुढे सरकवला आणि बैठकीच्या खोलीचा आराखडा काढायला सांगितले. मी दार काढले, सोफा काढला, टीव्ही काढला आणि चपलांच्या कपाटालगत एक चौकोन काढून त्यात 'अप्पा' असे लिहिले. तिने पेन्सिलीने त्या चौकोनातून एक बाण टीव्हीच्या दिशेने काढला, मग डाव्या बाजूस एक फुली मारली. फुली नेमकी सोफ्याकडे होती. त्यांचा उरलासुरला चांगला कान आम्ही आठ महिने दाराकडे, लिफ्टच्या आवाजाकडे वळवून ठेवला होता.

तिने आणखी एक गोष्ट दाखवली. ऐकण्यास कमी येणारी माणसे निम्मे ओठांवरून ऐकतात. आमच्याकडे पाहण्यासाठी अप्पांना मान पूर्ण डावीकडे वळवावी लागे, आणि वळवली तरी आमच्या पाठीमागे गॅलरीचा उजेड. तिन्हीसांजेला, म्हणजे घरातली सारी माणसे एकत्र येण्याच्या वेळेला, आमचे चेहरे त्यांना काळवंडलेले दिसत असणार. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते; विशीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या वाट्याला येतो. अप्पा तर ऐंशी ओलांडलेले.

परतताना लोकलमध्ये मला गावच्या ओटीवरचा झोपाळा आठवला. अप्पा त्यावर कायम आपल्या डाव्या हाताच्या टोकाला बसत. पाहुणा आला, की तो आपोआप त्यांच्या उजवीकडे बसे. अंगणाचा उजेड समोरून येई आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर पडे. शिकवणीची मुले सतरंजीवर समोर बसत. कुणी डाव्या बाजूला बसू लागले, तर आई म्हणे, "तिकडे नको, इकडे ये." माझे सारे बालपण त्या झोपाळ्याभोवती गेले आणि मला वाटत राहिले, की ते टोक अप्पांच्या सवयीचे आहे. खरे तर त्यांनी, आणि बहुधा आईने, न बोलता चाळीस-पन्नास वर्षे ते घर एका कानाभोवती लावून घेतले होते. आम्ही त्यांना ठाण्याला आणताना कपडे आणले, पुस्तके आणली, औषधे आणली. ती मांडणी मात्र तिथेच राहिली.

यानंतर मी आपल्या घरांच्या बैठकीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. कोकणातल्या घराची पडवी आणि ओटी, वाड्याच्या दिवाणखान्यात तिन्ही भिंतींशी घातलेल्या गाद्या आणि लोड-तक्के, गोव्यातल्या जुन्या घरांच्या दर्शनी बाल्कावात समोरासमोर बांधून काढलेली बसण्याची आसने: या साऱ्या ठिकाणी माणूस बसला, की त्याच्या दृष्टीसमोर दुसरा माणूस येतो. त्या घरांत सारे चांगलेच होते, असे मी म्हणणार नाही. त्या बैठकीवर घरातल्या स्त्रियांना बहुधा स्थान नसे. त्यांची वस्ती माजघरात आणि स्वयंपाकघरात. तरीही बैठक माणसांकडे तोंड करून होती, हे खरे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८७ साली 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा टीव्ही असलेल्या घरात शेजारीपाजारी रांगेने येऊन बसत. पाहुणे गेले, पण रांग राहिली. आज आपल्या बहुतेक घरांत सोफा, खुर्च्या आणि माणसे एका भिंतीशी एका ओळीत असतात आणि समोरच्या भिंतीवरच्या चौकोनाकडे पाहतात.

अशा रांगेचा माणसांवर काय परिणाम होतो, याचे एक सुंदर निरीक्षण कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात झाले आहे. १९५०च्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हम्फ्री ऑस्मंड यांच्या लक्षात आले, की काही जागा माणसांना एकमेकांकडे खेचतात आणि काही जागा त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. त्यांच्या सांगण्यावरून रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने वृद्ध स्त्रियांच्या एका कक्षाचा अभ्यास केला. कक्ष नव्याने सजवलेला होता, रंग उजळ होते, खुर्च्या चांगल्या होत्या. परंतु त्या सगळ्या भिंतींशी ओळीने लावलेल्या होत्या आणि त्यांवर बसलेल्या वृद्धा दिवसभर गप्प असत. सॉमर आणि त्यांचे सहकारी ह्यूगो रॉस यांनी खुर्च्या भिंतीपासून काढून लहान चौरस टेबलांभोवती मांडल्या. प्रथम त्या वृद्धांनाच हे रुचले नाही; खुर्च्या पुन्हा भिंतीशी जाऊ लागल्या. काही आठवड्यांनंतर मोजदाद केली, तेव्हा आपसांतील संवाद बराच वाढलेला आढळला. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात औषध बदलले नव्हते, माणसेही तीच होती.

आम्ही एका रविवारी सकाळी सामान हलवले. सोफा दाराच्या दिशेने सरकवला. गॅलरीकडे जी जागा मोकळी झाली, तिथे अप्पांची खुर्ची थोडी तिरकी, गॅलरीकडे पाठ आणि खोलीकडे तोंड अशी ठेवली. आता सोफा त्यांच्या उजव्या हाताला आला. गॅलरीचा उजेड त्यांच्या खांद्यावरून येऊन आमच्या चेहऱ्यांवर पडू लागला; सकाळी तोच त्यांच्या वर्तमानपत्रावर पडतो. दारातून कोण आले, हे त्यांना बसल्या जागी दिसते. काचेचा बुटका टीपॉय काढून टाकला. गॅलरीच्या दाराचा दुसरा भाग आणि शयनगृहाकडे जाणारी वाट मोकळी ठेवली. टीव्ही जागचा हलवला नाही; फक्त संध्याकाळच्या चहाच्या वेळी तो बंद राहील, असे ठरवले. या शेवटच्या ठरावाला घरातून सर्वाधिक विरोध झाला आणि तो विरोध माझाच होता, हे मान्य केले पाहिजे.

त्या वृद्धांप्रमाणेच अप्पांनाही हा बदल रुचला नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावरून परतलो, तो ते चपलांच्या कपाटाशी स्वयंपाकघरातले स्टूल घेऊन बसलेले. मी उजव्या बाजूने त्यांच्याजवळ गेलो आणि विचारले, "अप्पा, तिकडे बरे वाटत नाही का?" ते म्हणाले, "बरे वाटते रे. पण तिथे मी अगदी मध्येच येतो. इथे कुणाच्या वाटेत नव्हतो."

वाचकहो, हे वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही. तो कोपरा आम्ही दिला, हे खरे. पण तो त्यांनी इतक्या मुकाट्याने का घेतला, ते मला त्या क्षणी कळले. ज्या घरात त्यांचा शब्द अखेरचा होता, ते मागे राहिले होते. मुलाच्या घरात आपण कमीत कमी जागा व्यापावी, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. खुर्ची हलवणे हे अर्धा तासाचे काम होते. "तुम्ही मध्ये आलात तरच आम्हाला हवे आहे," हे त्यांना पटवायला कित्येक आठवडे लागले, आणि ते सांगून पटले नाही. कन्या रोज संध्याकाळी आपली वही घेऊन त्यांच्या उजव्या हाताला मोड्यावर बसू लागली. तिच्या निबंधातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांच्यातल्या शिक्षकाला सहन होईनात. महिनाभराने स्टूल स्वयंपाकघरात परत गेले.

सारे पूर्ववत झाले, असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. उजव्या कानाला श्रवणयंत्र बसवले. ते अप्पा दिवसातून तीन-चार तास लावतात, बाकी वेळ डबीत. चारजण एकदम बोलू लागले, की त्यांची तारांबळ उडते. पुढे स्मृतीचीही तपासणी झाली. वयाला साजेसे थोडे विसरणे आहे, त्याहून अधिक नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. भलती उत्तरे आता क्वचित येतात. जेवणानंतर ते लगेच उठत नाहीत. मात्र ते आठ महिने, ज्यांत आईविषयी बोलावेसे त्यांना सर्वाधिक वाटत असेल आणि ज्यांत आम्ही त्यांच्या बंद कानाशी बोलत होतो, ते आता परत मिळणार नाहीत.

आपल्या घरी ज्येष्ठ माणूस असेल, तर माझी एक विनंती आहे. आज संध्याकाळी, घर गजबजलेले असताना, त्यांच्या नेहमीच्या जागी आपण स्वतः अर्धा तास बसून पाहा. तिथून किती जणांचे चेहरे दिसतात? त्या चेहऱ्यांवर उजेड आहे, की उजेड त्यांच्या पाठीमागे आहे? बोलणारे कोणत्या कानाकडे आहेत? पंखा, टीव्ही आणि रस्त्याचा आवाज यांपैकी काय सर्वांत जवळ आहे? उघड्या फरशीच्या, काचेच्या आणि रित्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द अस्पष्ट होतात. जाड पडदे, गाद्या-उशा, पुस्तकांचे कपाट यांनी तो घुमणे कमी होते. दोन माणसांनी शेजारी शेजारी बसण्यापेक्षा काटकोनात बसणे संवादाला सोयीचे असते, कारण पाहायचे तेव्हा पाहता येते आणि नको तेव्हा दृष्टी सहज दुसरीकडे वळवता येते.

मग उठून पाहा. आजचे पुष्कळ सोफे बुटके, खोल आणि मऊ असतात. त्यात रुतलेल्या वृद्धाला उठताना गुडघे, कंबर आणि तोल या तिन्हींची परीक्षा द्यावी लागते. उठणे कष्टाचे झाले, की माणूस पाणी कमी पितो, शौचालयाला जाणे लांबवतो आणि हालचाल टाळतो. बैठकीची उंची गुडघ्याएवढी, साधारण सतरा ते एकोणीस इंच, बैठक टणक आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात, अशी खुर्ची त्यांना हितकर. तिथून दारापर्यंत, शौचालयापर्यंत सुमारे तीन फूट रुंदीची वाट मोकळी असावी. तीत सरकणारा गालिचा, टीपॉयचा कोपरा, दिव्याची वायर नसावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

अर्थात, खुर्ची हलवणे हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. ज्येष्ठ व्यक्ती अचानक गप्प झाली, जेवण-झोप उडाली, निराशेचे बोलू लागली किंवा ओळखीच्या गोष्टी विसरू लागली, तर डॉक्टरांना दाखवण्यात विलंब करू नये. एखाद्या कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी दाखवावे. तिथे दिवस वाया घालवणे महागात पडते. आणि कोणतीही जागा बदलण्यापूर्वी, ज्यांची जागा आहे त्यांना विचारावे. आम्ही ते आधी विचारले नाही, सामान हलवून झाल्यावर विचारले.

गेल्या गणपतीत गावाहून अप्पांचे एक जुने विद्यार्थी आले होते. तेही आता सत्तरीचे. खोलीत शिरल्यावर ते क्षणभर थबकले, सोफा आणि खुर्ची यांच्याकडे पाहिले, आणि कुणी काही सांगण्यापूर्वीच वळसा घालून अप्पांच्या उजव्या हाताला जाऊन बसले.